मदत हवी आहे: 'बायकी' आणि 'पुरुषी' साच्यांबाहेरच्या पोझेस कशा सुचवायच्या?

नमस्कार मंडळी,

मी पोर्ट्रेट फोटोग्राफी करते. पोझिंग शिकताना दोन तक्ते पाठ झाले होते. पुरुष असेल तर खांदे कॅमेऱ्याला समोरासमोर, पायांत अंतर, कॅमेरा किंचित खालून, प्रकाश कडक. बाई असेल तर अंग तिरकं, वजन मागच्या पायावर, कंबर एका बाजूला, मान कललेली, प्रकाश मऊ. आता एका क्लायंटनी बुकिंगच्या फॉर्ममध्येच लिहिलंय की फोटोत बाई किंवा पुरुष दिसण्यापेक्षा 'मी' दिसायला हवं. मागणी अगदी रास्त आहे. पण दोन्ही तक्ते बाजूला ठेवले की हाताशी उरतं काय?

मी त्यातली एकेक गोष्ट सुटी करून बघतेय. खांदे तिरके केले की शरीर अरुंद दिसतं, समोर ठेवले की रुंद. कॅमेरा खाली नेला की माणूस उंच आणि जरा दरारा असलेला वाटतो. ही सगळी भूमिती झाली, त्यात बाई-पुरुष कुठे आला? एका पायावर वजन टाकून कंबर बाहेर काढणं आपण बायकी म्हणतो, पण ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटसचा इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला भालाधारी पुरुष तसाच उभा आहे. मायकेलअँजेलोचा डेव्हिडही (१५०१ ते १५०४) तसाच.

म्हणून आधी मूड विचारायचा असं ठरवलंय: शांत, ठाम की खेळकर? सूचना देताना थेट अवयवाचं नाव घ्यायचं, 'डावा खांदा मागे, हनुवटी जरा पुढे'. 'जरा नाजूक उभे राहा' किंवा 'रुबाबात बघा' बंद.

अडतंय ते इथे. मान सरळ ठेवली की पासपोर्टचा फोटो होतो, कलवली की लगेच जुना तक्ता आठवतो. हातांचंही तसंच, मूठ वळली तर एक अर्थ, बोटं लांबवली तर दुसरा. शिवाय पुढे एका जोडप्याचं शूट आहे. 'उंच माणूस मागे, बुटकं माणूस त्याच्या छातीशी' ही ठरलेली रचना त्यांना नकोय. कोणी असं काम केलंय का?

तिपाई:
मान एकटी कलवू नका, कमरेतून अख्खं धड झुकवा. स्टुलावर बसवा, कोपरं गुडघ्यांवर, पाठीची आणि डोक्याची रेघ एकच. फोटोत जिवंतपणा येतो आणि मान मुरडल्यासारखी दिसत नाही. हातांना काम द्या: बाही दुमडणं, खुर्चीची पाठ धरणं, त्यांची स्वतःची एखादी वस्तू. काम करणारा हात कोणाचाही शोभतो. आणि चालायला, वळायला सांगून सलग फ्रेम घ्या. त्यांच्या सवयीची ढब तिथे सापडते, मग तीच थांबवून नीट टिपायची.

अर्धाउजेड:
प्रकाशाकडे दुर्लक्ष करू नका, अर्धा साचा तिथेच असतो. बाजूच्या कडक प्रकाशात जबडा आणि गालाची हाडं उठून येतात, समोरून जरा वरून येणाऱ्या मऊ प्रकाशात बऱ्यापैकी विरतात. त्यामुळे 'जबडा, छाती, कंबर यातलं काय दिसावं, काय झाकावं?' हे आधीच विचारा, पण लेखी. समोरासमोर उत्तर द्यायला माणूस संकोचतो. पहिले काही फोटो मागच्या स्क्रीनवर दाखवा, त्यांचा चेहरा कुठे खुलतो ते बघा. रिटचिंगही त्यांना विचारूनच. हात आपोआप त्वचा गुळगुळीत करायला किंवा जबडा टोकदार करायला जातो, तो आवरायचा.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! लेखी विचारण्याचं एकदम पटलं, फॉर्ममध्ये रकाना घालतेय. जोडप्याचं मात्र राहिलंच. दोघांच्या उंचीत बराच फरक आहे आणि त्यांना उभ्याने फोटो हवेत.

तिपाई:
उंच व्यक्तीला भिंतीला टेकवा आणि पावलं भिंतीपासून पुढे घ्यायला सांगा. उंची बरीच उतरते. दुसरी व्यक्ती खांद्याला खांदा लावून, पण सरळ उभी. जिना असेल तर आणखी सोपं, बुटकी व्यक्ती एक पायरी वर. मग जागा बदलून तीच फ्रेम पुन्हा घ्या, कोण कोणाला आधार देतंय ते त्यांनाच निवडू द्या.