मदत हवी आहे: सर्व्हर क्लाउडवर हलवला, सगळं हिरवं दिसतंय, तरी सभासद सापडत नाहीत

वारणाकाठ, रात्री १०.५०
तातडीचं आहे. दूध संकलनाचं आमचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या सर्व्हरवरून ॲमेझॉनच्या मुंबई रीजनला हलवलं. तेव्हापासून केंद्रचालकानं सभासद कोड टाकला की काही जणांचं ‘सभासद आढळला नाही’ येतंय. सगळ्यांचं नाही, काहींचंच. डेटा गेलेला नाही, टेबलातल्या ओळी मोजल्या, बरोबर आहेत. क्लाउडवॉच (ॲमेझॉनचं देखरेखीचं टूल) हिरवंगार, सीपीयू निवांत. रीस्टार्ट करून झालं. २० तारखेला दहा दिवसांचं दूध बिल काढायचंय. ‘जुन्यावर परत जा’ हे सोडून काहीही सांगा, मधलं सगळं दूध नव्यावर नोंदलं गेलंय.

पेठकर_पुणे, रात्री १०.५८
डेटाबेस कुठला? व्हर्जन? हलवला कसा? इतकं तरी लिहा. अंतर्ज्ञानी कुणी नाही इथे.

ढगफुटी, रात्री ११.०२
आरडीएस घ्या, ॲमेझॉन स्वतः चालवतं तो डेटाबेस. स्वतः डेटाबेस सांभाळायचे दिवस गेले. बॅकअप, पॅचिंग, दुसऱ्या झोनमधला स्टँडबाय, सगळं ते बघतात.

वारणाकाठ, रात्री ११.०९
पोस्टग्रेस १३. दोन्हीकडे तेच, त्यामुळे व्हर्जनचा प्रश्नच नाही. स्ट्रीमिंग रेप्लिका (सतत अद्ययावत होणारी प्रत) लावली, लॅग म्हणजे तिचं मागे पडणं शून्य झाल्यावर रात्री प्रमोट केली, म्हणजे तीच मुख्य केली. दहा मिनिटांत काम झालं.
@ढगफुटी, आरडीएसचं नंतर बघू. आत्ता आग विझवायचीय.

कुजबुज, रात्री ११.१५
क्लाउडवॉच हिरवं आहे याला काही अर्थ नसतो हो. एजंट टाकल्याशिवाय त्याला मेमरी आणि डिस्क किती भरली हेसुद्धा दिसत नाही. बर्स्ट बॅलन्स, म्हणजे डिस्कच्या जादा वेगाचं शिल्लक क्रेडिट, बघा. डिस्क जीपी२ प्रकारची असेल तर दर जीबीला ३ आयॉप्स (सेकंदाला वाचन-लेखनं), छोट्या डिस्कचं क्रेडिट संपलं की रांगायला लागते. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. जीपी३ करा, बसल्या जागी ३००० मिळतात.

पेठकर_पुणे, रात्री ११.१९
डिस्क स्लो असेल तर उत्तर उशिरा येईल. ‘आढळला नाही’ कसं येईल?

कुजबुज, रात्री ११.२१
टाइमआउट होऊन. ॲप लिहिणाऱ्यांनी प्रत्येक एररला तोच संदेश लावलेला असतो, पैज लावतो.

वारणाकाठ, रात्री ११.२४
नाही. उत्तर लगेच येतंय, शून्य ओळी. डिस्क जीपी३च आहे.

जुना_युनिक्सवाला, रात्री ११.३१
ओएस काय होती आणि आता काय आहे? आणि सभासद कोड दिसतो कसा? एक नमुना टाका, न सापडणाऱ्यांतला.

वारणाकाठ, रात्री ११.३४
ओएसचा इथे काय संबंध? सेंटओएस ७ होती, आता उबंटू २२.०४. सेंटओएसची मुदत ३० जून २०२४ला संपली म्हणून तर हलवलं. कोड म्हणजे केंद्र नंबर, हायफन, सभासद नंबर. उदा. १२-७. कॉलम टेक्स्ट आहे, त्यावर युनिक इंडेक्स (शोधायची क्रमवार सूची, जी एक कोड दोनदा घालू देत नाही).

जुना_युनिक्सवाला, रात्री ११.४२
संबंध आहे, आणि तोच आहे. एक करून बघा. तो कोड बरोबरच्या चिन्हाने शोधा. मग तोच कोड लाइक (अंशतः जुळणी) वापरून, कोडच्या आधी टक्क्याचं चिन्ह लावून शोधा.

वारणाकाठ, रात्री ११.४७
बरोबरच्या चिन्हाने शून्य ओळी. लाइकने एक ओळ.
काय भानगड आहे ही??

जुना_युनिक्सवाला, मध्यरात्र १२.०३
तुमचा इंडेक्स चुकीच्या क्रमात आहे. पोस्टग्रेस टेक्स्टचा क्रम स्वतः ठरवत नाही, ओएसच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीला विचारतं. ऑगस्ट २०१८मध्ये जीलिबसी २.२८ आली, तिच्यात हे क्रमाचे नियम बदलले. सेंटओएस ७वर २.१७ आहे, उबंटू २२.०४वर २.३५. दोन्ही मशीनवर सॉर्टला इंग्रजी आकड्यांत ११ आणि १-१ अशा दोन ओळी देऊन बघा. जुनी हायफन जवळजवळ सोडून देते आणि ११ आधी लावते. नवी १-१ आधी लावते.
स्ट्रीमिंग रेप्लिका म्हणजे फाइलींची जशीच्या तशी प्रत. इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला आला आणि आता त्यात शोध चाललाय नव्या नियमांनी. शोधणारा चुकीच्या फांदीवर जातो, तिथे कोड नसतो, तो ‘नाही’ म्हणून परत येतो. लाइकमध्ये कोडच्या आधी टक्का असला की तो इंडेक्स वापरत नाही, अख्खं टेबल वाचतो, म्हणून सापडलं. तुमच्या कोडमध्ये नेमका हायफन आहे, म्हणून इतकं ठळक दिसलं.
पोस्टग्रेस १५पासून पुढे अशा वेळी निदान इशारा तरी येतो. १३ गप्प बसतं.

ढगफुटी, मध्यरात्र १२.०८
म्हणूनच म्हणत होतो, आरडीएस.

पेठकर_पुणे, मध्यरात्र १२.११
आरडीएसला बाहेरच्या सर्व्हरची फिजिकल रेप्लिका लावताच येत नाही. डंप (सगळा डेटा बाहेर काढलेली फाइल) घ्या नाहीतर लॉजिकल रेप्लिकेशन (ओळीगणिक बदल पाठवणं) करा. दोन्हींत इंडेक्स नव्याने बांधला जातो, म्हणून हा घोळ झाला नसता. श्रेय डंपचं आहे, आरडीएसचं नव्हे.

वारणाकाठ, मध्यरात्र १२.१४
मग आत्ता रीइंडेक्स मारू, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधू? कनकरंटली, म्हणजे सकाळचं संकलन थांबायला नको. पाचला केंद्रं उघडतात.

नीरा_नरसिंगपूर, मध्यरात्र १२.१५
अवांतर: कुठल्या कंपनीचं फॅट मशीन जोडलंय तुमच्याकडे? आमच्या केंद्रावरचं एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) कायम कमी दाखवतं आणि गवळ्यांच्या शिव्या आम्ही खातो.

जुना_युनिक्सवाला, मध्यरात्र १२.१९
थांबा, मारू नका. आधी सांगा, ज्यांचे सभासद सापडले नाहीत त्या केंद्रचालकांनी काय केलं? दूध तर घेतलंच असेल.

वारणाकाठ, मध्यरात्र १२.२२
‘नवीन सभासद’ करून त्याच कोडने घातले असतील. पण ते शक्य नाही ना, युनिक इंडेक्स आहे.

जुना_युनिक्सवाला, मध्यरात्र १२.२६
नवा कोड आधीच आहे का हे तोच बिघडलेला इंडेक्स बघतो. त्याला जुना दिसत नाही, मग तो अडवणार कशाला?
आता इंडेक्स वापरायच्या वाटा, म्हणजे इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन, तिन्ही त्या सेशनपुरते बंद करा. मग कोडवर ग्रुप बाय करून, म्हणजे कोडप्रमाणे गट पाडून, एकापेक्षा जास्त असलेले काढा.

वारणाकाठ, मध्यरात्र १२.४१
निघाले. बरेच आहेत. एकेका कोडच्या दोन ओळी, आयडी वेगळे. कटओव्हरपर्यंतचं (नव्यावर जाईपर्यंतचं) दूध जुन्या आयडीवर, नंतरचं नव्या. बिल तसंच काढलं असतं तर एकाच माणसाची दोन बिलं, आणि उचल फक्त जुन्याच्या नावावर.

कुजबुज, मध्यरात्र १२.४५
डंप घेऊन नव्या मशीनवर रीस्टोअर करा, सगळं स्वच्छ होईल.

पेठकर_पुणे, मध्यरात्र १२.४८
नाही होणार. रीस्टोअर शेवटी युनिक इंडेक्स बांधायला जाईल आणि याच दुहेरी ओळींवर अडेल. रीइंडेक्सही तिथेच अडेल, वर कनकरंटली असेल तर अर्धवट अवैध इंडेक्स मागे ठेवेल.

जुना_युनिक्सवाला, मध्यरात्र १२.५५
बरोबर. क्रम असा. ईबीएस स्नॅपशॉट (क्लाउडमधल्या डिस्कची त्या क्षणाची प्रत) घ्या. सकाळच्या आत ‘नवीन सभासद’ बटण बंद करा, नाहीतर एकीकडे तुम्ही निस्तराल आणि दुसरीकडे नव्या जोड्या तयार होतील. संकलनाच्या ओळी नव्या आयडीवरून जुन्यावर वळवा, मग नव्या सभासदाची ओळ काढा. पण बँक खातं नव्या ओळीत बदललं असेल तर ते हाताने बघा, स्क्रिप्टवर सोडू नका. हे सगळं स्कॅन बंद असलेल्या सेशनमध्येच, नाहीतर अपडेटसुद्धा ओळ शोधायला त्याच इंडेक्सकडे जाईल. मग रीइंडेक्स. टेक्स्ट असलेले सगळे इंडेक्स, एक नव्हे.

टायपेशास्त्री, रात्री १.०२
कोडच्या कॉलमला सी कोलेशन (अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकांनुसार क्रम) लावून टाका, पुन्हा कधी ओएसवर अवलंबून राहणार नाही. मी तर नावांनाही तेच लावतो.

पेठकर_पुणे, रात्री १.०६
कोडला ठीक. नावांना लावलं तर यादीत क्षीरसागर ‘क’च्या शेपटाला येतील, ‘ह’च्या पुढे नाही. सचिव यादी हातात घेऊन येईल तुमच्याकडे.

टायपेशास्त्री, रात्री १.०८
सचिव नावाने नाही, कोडने शोधतो.

पेठकर_पुणे, रात्री १.०९
तुमचा असेल.

बे_एरियातला, रात्री १.१५
मॉनिटरिंगबद्दल कुणीच बोललं नाही. तुमचा हेल्थ चेक लॉगिन पान उघडतं का एवढंच बघत असणार. एका ठरावीक सभासदाला कोडने शोधून ओळ येते का, असा एक चेक लावा. शिवाय ॲमचेक हे पोस्टग्रेसचं तपासणीचं एक्स्टेन्शन टाकून रोज रात्री इंडेक्स तपासा, हीपऑलइंडेक्स्ड (टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का हे बघणं) चालू ठेवून. आणि त्याचा इशारा खरंच फोनवर पोचतो का, तेही मुद्दाम एकदा फेल करून बघा. गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या साइटचं ३१ जानेवारी २०१७चं प्रकरण आठवा. डंप जुन्या व्हर्जनच्या टूलने चालला होता, रोज फसत होता, आणि फसल्याच्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. चुकून मुख्य डेटाबेस उडाला तेव्हा हे कळलं. साधारण सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट हाताला लागला म्हणून निभावलं.

वारणाकाठ, रात्री १.२०
आमचं डीआर (आपत्तीसाठी राखीव व्यवस्था) आहे. हैदराबाद रीजनला स्टँडबाय चालू आहे, लॅग काही सेकंदांचा. काहीच जमलं नाही तर तिकडे जाता येईल.

जुना_युनिक्सवाला, रात्री १.२३
तिकडे हाच बिघाड पोचलेला आहे, रेप्लिकाच ती. हैदराबादला ओएस कुठली?

वारणाकाठ, रात्री १.२९
बघून सांगतो. ते दुसऱ्याने उभं केलं होतं.

वारणाकाठ, रात्री १.३३
ॲमेझॉन लिनक्स २.

जुना_युनिक्सवाला, रात्री १.३७
त्यावर जीलिबसी २.२६. म्हणजे जुने नियम. आज मुंबईत रीइंडेक्स केलंत की नव्या क्रमाचा इंडेक्स हैदराबादला जाईल, आणि फेलओव्हर करून तिकडे गेलात त्या दिवशी हेच उलट्या बाजूने सुरू होईल. तो स्टँडबाय पाडा आणि मुंबईच्याच इमेजवर नव्याने उभा करा. मधल्या वेळात स्नॅपशॉटची प्रत हैदराबादला ठेवा. पण स्नॅपशॉटवरून उभी केलेली डिस्क पहिल्या वाचनाला संथ असते, ब्लॉक मागाल तसे एसथ्री या ॲमेझॉनच्या साठ्यातून येतात, हे धरून चाला.

नीरा_नरसिंगपूर, रात्री १.४०
फॅट मशीनचं कुणी सांगितलंच नाही.

वारणाकाठ, पहाटे ४.३५
जोड्या मिटवल्या, तीन सोडून. त्यांत बँक खाती वेगळी आहेत, सचिवांना सकाळी विचारतो. बटण बंद केलंय. आता त्या तीन जोड्यांमुळे युनिक इंडेक्स अडेल, मग नव्या ओळींच्या कोडला मागे तात्पुरतं काहीतरी चिकटवून रीइंडेक्स करू का?

जुना_युनिक्सवाला, पहाटे ४.४१
करा. फक्त त्या तिघांचं बिल रोखून ठेवा.