मदत हवी आहे: ब्रिज कॅमेऱ्यात (लेन्स न निघणारा, मोठ्या झूमचा कॅमेरा) लांब झूम घ्यावा की मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग)?

रोजच्या वापराला आणि प्रवासाला एकच कॅमेरा हवाय. लेन्स बदलायची नाही, ट्रायपॉड नेणार नाही, व्हिडिओही नको. दोन मॉडेलांपाशी अडकलोय: निकॉन पी९५० (झूम २४-२००० मिमी, १/२.३ इंची सेन्सर, वजन साधारण १ किलो) आणि पॅनासॉनिक एफझेड१००० मार्क २ (२५-४०० मिमी, १ इंची सेन्सर, सुमारे ८०० ग्रॅम). दोन्ही हाताळले. निकॉनचा झूम पाहून हरखलो, पण पूर्ण झूमला पक्षी चौकटीत टिकेना आणि घरातल्या उजेडात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००लाच फोटो रवाळ आले. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढतो. माणसं, रस्ते रोज; पक्षी अधूनमधून. म्हणून कल पॅनासॉनिककडे आहे. वापरणाऱ्यांनी सांगा: ४०० मिमीवर काढलेला झाडावरच्या पक्ष्याचा फोटो कडेने कातरून निम्मा केला, तर ए४ छपाईत पिसं स्पष्ट दिसतात का?