छोट्या मित्रदेशांत दूतावास उघडावेत का?

धंतोलीकर:
2023 च्या सप्टेंबरात इंडोनेशियात, जकार्तात, पंतप्रधानांनी शेजारच्या पूर्व तिमोरच्या राजधानीत, दिलीत, भारतीय दूतावास उघडण्याची घोषणा केली. अख्ख्या देशाची लोकसंख्या नागपूर शहराच्या जेमतेम निम्मी, म्हणून ‘तिथे काय ठेवलंय?’ असं लोक विचारतात. माझ्या मते निर्णय योग्य आहे, उलट उशीरच झाला. देश 2002 मध्ये स्वतंत्र झाला. तिथलं राष्ट्रपती भवन चीनने बांधून दिलं, परराष्ट्र मंत्रालयाची इमारतही. आपण मात्र जकार्तात बसून तिकडचा कारभार पाहत होतो. 2025 च्या ऑक्टोबरात हाच देश आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा, अकरावा सदस्य झाला. आसियानचे निर्णय एकमताने होतात, म्हणजे छोट्या देशाचा होकारही लागतोच, हे विसरू नका.

काटोलचा बागायतदार:
भाऊ, ढाक्यात आपलं एवढं मोठं उच्चायुक्तालय, म्हणजे दूतावासच, आहे ना? तरी 2019 पासून बांगलादेशनं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलंच, अन् तिकडं माल जाणं घटलं. अंबिया बहाराची संत्री झाडावर किती दिवस ठेवता येते? व्यापारी बागेत येते, भाव पाडून मागते, अन् द्यावंच लागते. परराष्ट्र सेवेत अधिकारी हजाराच्या आसपास. नव्या जागी धाडले तर जुन्या जागचे कमी होतीन. आधी आहे तिथं शेतमालाचं पाहणारा माणूस द्या.

धंतोलीकर:
शुल्क ढाक्याचं सरकार लावतं, त्यासाठी दूतावासांनाच कसं बोल लावणार? तिथे आपलं कुणी नसतं तर बोलणार तरी कोण होतं?

काटोलचा बागायतदार:
बोलून काय झालं, ते बाजार समितीत येऊन पाहा.

प्रतापनगरची मावशी:
तुम्ही दोघे व्यापारावरच अडलात. विदर्भातली कितीतरी मुलं एमबीबीएसला जॉर्जियात जातात. माझ्या भाच्याचा पासपोर्ट तबिलिसीत हरवला, तेव्हा तिथलं भारताचं काम शेजारच्या आर्मेनियातून, येरेवानहून चालायचं. पासपोर्टशिवाय सीमा ओलांडता येईना आणि दूतावास सीमेपलीकडे! पोलिस तक्रारीचा जॉर्जियन कागद, त्याचं इंग्रजी भाषांतर, फोटो, अर्ज, सगळं कुरिअरने. इकडे माझ्या बहिणीच्या घशाखाली घास उतरेना. अशा वेळी आपला माणूस त्याच शहरात हवा.

काटोलचा बागायतदार:
मावशी, हे पटते. पण दिलीत आपली लेकरं किती? जिथं लेकरं आहेत तिथं आधी उघडा ना.

धंतोलीकर:
आधी-नंतर कशाला? परराष्ट्र मंत्रालयाचा वाटा केंद्राच्या अर्थसंकल्पात अर्धा टक्काही नाही. तो वाढवा, अधिकारी भरा. तुमचा शेतमालवाला माणूसही त्यातूनच मिळेल. आपल्या खासदारांकडे हेच मागू या.