अनुभव धागा : तुमची मीटिंग तुम्हाला कशी सापडली?

दारू कशी सुटली हे आपण सांगतो. पण ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट) कोणती मीटिंग धरली, कोणती सोडली आणि का, हे क्वचितच कोणी सांगतं. पुण्या-मुंबईत एक नाही पटली तर दुसरी असते. आपल्याकडे तालुक्याला एक असली तरी नशीब. विदर्भातल्या खेड्यापाड्यातल्यांनी लिहा. नाव-गाव नको, जिल्हा पुरे.

शेतकरी, वर्धा

आमचा जिल्हा कित्येक वर्षांपासून दारूबंदीचा. कागदावर. मिळायची तिथं मिळतेच. त्याच्यानं होते काय, पिणारा माणूस पहिले पोलिसाले भेते. मले वाटे, मीटिंगमधी नाव लिहून घेतीन अन् उद्या ठाण्यातून बोलावणं येईन. गेलो तं रजिस्टरच नाही. फी नाही. आखरीले एक डबा फिरला, ज्याले जसं जमलं तसं त्यानं टाकलं. चहा अन् खोलीचं भाडं त्यातूनच. बाहेरच्याचं दान घेतच नाही म्हणे.

माणसं पटली, पण मीटिंग सुटे रातच्या साडेआठले अन् आमच्या गावची आखरी यष्टी आठची. दोस्ताच्या गाडीवर गेलो तं तो बाहेर वाट पाहता पाहता स्वतःच घेऊन बसे! मंग दूरची, पण रविवार सकाळची धरली. लोक म्हणते ग्रुप पाहा. मी म्हणतो, पहिले यष्टीचा टाइम पाहा.

निवृत्त शिक्षक, अमरावती

माझी अडचण उलटी. मीटिंग पायी जाण्यासारखी, पण समोर बसलेल्यांत बरेच माझे विद्यार्थी. मी आत गेलो की "या सर" म्हणून खुर्ची रिकामी व्हायची. इथलं बाहेर जाणार नाही हा नियम सगळे पाळत, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'सर' म्हणून बसलो की तोंडातून भाषणच निघायचं. बायकोचे दागिने कुठे गेले, ते काही निघायचं नाही. शेवटी दुसऱ्या तालुक्यातली मीटिंग शोधली. तिथे मी नुसता मेंबर.

देवाचं म्हणाल तर, मी गाडगेबाबांच्या जिल्ह्यातला, देवळात न रमणारा. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत (दारूतून सावरायच्या टप्प्यांत) 'श्रेष्ठ शक्ती' वाचून बिचकलो होतो. एक जुने मेंबर म्हणाले, "तुम्हाला हा ग्रुपच शक्ती वाटला तरी चालते. अट एकच, दारू सोडायची इच्छा." मात्र काही ठिकाणी आरत्या आणि प्रवचनंच चालतात, हेही पाहिलंय. तिथे मी टिकलो नाही.

आशा कार्यकर्ती, गडचिरोली

मी पिणारी नाही, नेणारी आहे. आमच्याकडे १९९३ पासून बंदी; मोहाची मात्र गाळली जातेच. माझं म्हणणं, मीटिंग कोणतीही धरा, आधी दवाखाना. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, दोन-तीन दिवसांत कोणाला झटके येतात, कोणाला भास होतात. गावात म्हणतात बाहेरचं लागलं, आणि पुजाऱ्याकडे नेतात. जीवावर बेततं. 'गोळ्या-औषधं कशाला' म्हणणाऱ्या ग्रुपमध्ये मी कोणाला पाठवत नाही. कुठे विचारावं कळत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६. पैसे पडत नाहीत.

खाणीत कामाला, चंद्रपूर

सरांचं मला पटत नाही. ओळखीचे लोक होते म्हणूनच मी टिकलो. २०१५ ला आमच्याकडे बंदी आली, २०२१ ला उठली. दुकानं उघडली तसं माझं मीटिंगला जाणं बंद झालं. दूरची असती तर कोणी विचारलंही नसतं. जवळची होती, म्हणून ड्युटी सुटायच्या वेळेला ग्रुपमधले दोघंजण गेटवर हजर. काही बोलले नाही, चहा प्यायला घेऊन गेले.

पोळ्याची कर आली, गावभर मटण आणि बाटली. स्पॉन्सर (मला सांभाळून घेणारा जुना मेंबर) सकाळीच घरी येऊन बसला तो रात्री जेवूनच उठला. मला वाटलं आता ए.ए.चं 'फक्त आजचा दिवस' ऐकवणार. गड्यानं दिवसभर पत्ते पिसले, आणि वरून लबाडीही केली.

गृहिणी, बुलडाणा

नवरा ए.ए.ला जातो. मी कुठे जायचं ते कळत नव्हतं. घरच्यांसाठी अल-अॅनॉन असतं, हे त्याच्याच ग्रुपमधून समजलं. जवळपास नाही, म्हणून मोबाइलवरची धरली. रेंज गच्चीवरच येते. पहिल्या गटात सगळ्या शहरातल्या. त्यांचं दुःख खरंच होतं, पण सोयाबीनचे पैसे बाजार समितीतून परस्पर गुत्त्यावर गेले हे सांगताना मला आधी बाजार समितीच समजावून सांगावी लागे. आता दुपारच्या गटात आहे. एक अकोल्याची, एक वाशिमची. मी "चुकारा" (विकलेल्या मालाचे पैसे) म्हटलं की त्या पुढचं ओळखतात.

नाव नको, जिल्हाही नको

मी बाई आहे आणि पिणारी मीच आहे. शोधून गेले होते एका मीटिंगला. सगळे पुरुष. एकाने आपुलकीनेच विचारलं, "ताई, भाऊ नाही आले?" शेवटपर्यंत बसले, काही न बोलता निघाले. परत जावंसं वाटतं, पण तिथे नाही. काय करू?

धागाकर्ती

ताई, ग्रुपच्या नंबरवर फोन करून 'बाई मेंबरशी बोलायचंय' एवढंच सांगा. जवळ कोणी नसेल तर दुसऱ्या जिल्ह्यातली जोडून द्यायला सांगा. फक्त बायकांच्या मीटिंगाही ऑनलाइन होतात, त्यांचंही विचारा. एकटीने आत जायचं नसेल तर ओपन मीटिंग कधी असते ते विचारून घ्या. तिथे बहीण-नणंद कोणीही सोबत चालतं, क्लोज्डला फक्त दारू सोडू पाहणारेच. आणि रोज पिणं असेल, तर वर आशाताईंनी लिहिलंय ते आधी.