मदत हवी आहे: पवनऊर्जेच्या नकाशात तेलविहीर येतेय

गिरणाकाठ (जळगाव)
ऑफशोअर विंडवरच्या (समुद्रातल्या पवनऊर्जेवरच्या) संशोधनाचा कल काढतोय, गेल्या वीस वर्षांचा. व्हॉसव्ह्यूअरमध्ये (पेपरांतले शब्द गोळ्यांच्या नकाशात दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइल टाकली की सगळ्यात मोठ्या गोळ्यांत 'ऑफशोअर ऑइल वेल प्रॉडक्शन' येतं. तेलविहीर! मी तेलाचं काहीच शोधलेलं नाही. सॉफ्टवेअर दोनदा काढून परत टाकलं, तरी तेच. सोमवारी सरांना दाखवायचंय, लवकर सांगा.

भरीतप्रेमी
पेपरांचा डेटा कुठल्या सूचीतला? स्कोपस, वेब ऑफ सायन्स की लेन्स? शोधायला शब्द काय दिले? किती नोंदी आल्या?

साक्रीकर
समुद्र कोठे शे आपला खान्देशमा, भो? ब्राह्मणवेलला पठारावर एवढ्या पवनचक्क्या फिरताहेत, त्यांच्यावर कर ना पेपर.

आरवाला
व्हॉसव्ह्यूअर सोडा. आर ही संगणकभाषा टाका, तिचं बिब्लिओमेट्रिक्स पॅकेज घ्या, त्यातलं बिब्लिओशायनी उघडा. कोड लिहावा लागत नाही आणि 'ट्रेंड टॉपिक्स'चा आलेख आयता मिळतो.

भरीतप्रेमी
@आरवाला, तेलविहीर डेटात आहे. चाळणी बदलून खडे जाणार नाहीत. आधी त्याला फाइलचं सांगू द्या.

गिरणाकाठ
स्कोपसची सीएसव्ही. 'ऑफशोअर विंड' अवतरणचिन्हांत टाकून शीर्षक, सारांश, कीवर्डमध्ये शोधलं. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. आर शिकायला वेळ नाही.

तापीतीर
'जसंच्या तसं' इथेच गोची आहे. को-ऑकरन्स (कोणते शब्द एकाच पेपरात येतात ते) निवडल्यावर व्हॉसव्ह्यूअर आपोआप 'ऑल कीवर्ड्स' धरतं. म्हणजे लेखकाने दिलेले आणि स्कोपसने लावलेले इंडेक्स कीवर्ड, दोन्ही. इंडेक्स कीवर्ड लेखक देत नाही, ते ठरलेल्या शब्दसूच्यांतून चिकटतात. इंजिनिअरिंगच्या सूचीतली ही तेलविहीर समुद्रातल्या पवनचक्कीच्या ढीगभर पेपरांना लागलेली आहे. तुझं सॉफ्टवेअर ठीक आहे.
'ऑथर कीवर्ड्स' निवड. किमान वारंवारिता ५ असते, नकाशा गच्च झाला तर १० कर.

भरीतप्रेमी
अर्धंच बरोबर. बऱ्याच परिषद-पेपरांना लेखकाचे कीवर्डच नसतात, ते सगळे नकाशातून गळतील. आणि या विषयात तरंगत्या पायांचं, मूरिंगचं (ते जागी बांधून ठेवायच्या दोरखंडांचं) खूप काम परिषदांतच येतं. त्यापेक्षा 'टेक्स्ट डेटा'वरून नकाशा काढ: शीर्षक आणि सारांश, बायनरी काउंटिंग (एका पेपरात शब्द कितीदाही आला तरी एकदाच मोजायचा), किमान १०.

तापीतीर
सारांशातून 'रिझल्ट', 'पेपर', 'केस स्टडी' असले शब्द वर येतात, ते हाताने काढत बसावे लागतात. सोमवारच्या आत?

भरीतप्रेमी
मग 'ऑल कीवर्ड्स'च ठेवू दे, पण थिसॉरस फाइल (शब्द बदलायची यादी) लावून. नोटपॅडमध्ये दोन रकाने, मध्ये टॅब. पहिल्या ओळीत 'लेबल' आणि 'रिप्लेस बाय', इंग्रजीत, छोट्या लिपीत. तेलविहिरीपुढचा रकाना रिकामा सोडला की तो शब्द जातो. त्याच फाइलमध्ये 'एफओडब्ल्यूटी' (तरंगत्या टर्बाइनचं लघुरूप), 'फ्लोटिंग विंड टर्बाइन', 'फ्लोटिंग ऑफशोअर विंड टर्बाइन्स' एकाच नावाखाली आण. नाहीतर एकच विषय तीन गोळ्यांत फुटतो आणि तिन्ही लहान दिसतात.

केळीबाग_रावेर
केंद्राने २०२४ मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची व्यवहार्यता तूट निधी योजना (न परवडणाऱ्या प्रकल्पांना सरकारी मदत) मंजूर केली. गुजरात ५०० मेगावॉट, तमिळनाडू ५०० मेगावॉट. महाराष्ट्राला काय मिळालं?

साक्रीकर
वारा.

गिरणाकाठ
@केळीबाग_रावेर, काका, मी हे विचारलंच नाही.
थिसॉरस लावली. 'ऑथर कीवर्ड्स' करूनही पाहिलं. आता कीवर्डच्या जागी डीओआय (पेपरांचे ओळख-क्रमांक) आणि पत्ते दिसतात काही ठिकाणी!

तापीतीर
सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होतीस ना?

गिरणाकाठ
हो, दुबार नोंदी काढायला. ते सांगायचं काय त्यात?

तापीतीर
तेच तर सांगायचं. एक्सेलच्या एका खान्यात ३२,७६७ पेक्षा जास्त अक्षरं मावत नाहीत. आढावा-लेखाची संदर्भयादी त्याहून लांब असली की उरलेला मजकूर खालच्या ओळीत सांडतो आणि रकाने सरकतात. स्कोपसमधून नवी फाइल उतरव आणि एक्सेलला हात लावू नकोस.
उतरवण्याआधी शोध घट्ट कर. नुसतं 'ऑफशोअर विंड' म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वाराही. किनारी प्रदूषणाचे, अपवेलिंगचे (खोल पाणी वर येण्याचे) पेपर त्यातूनच येतात. दुहेरी अवतरणचिन्हांत स्कोपस अनेकवचनही धरतं. म्हणून टर्बाइन, फार्म, पॉवर, एनर्जी यांतला एक शब्द तीन शब्दांच्या अंतरात हवा अशी अट घाल. 'फ्लोटिंग विंड टर्बाइन' वेगळं जोड, त्यात ऑफशोअर हा शब्द नसतो कधीकधी.

आरवाला
वेब ऑफ सायन्सही जोडणार असेल तर व्हॉसव्ह्यूअर दोन्हींच्या फाइली एकत्र घेत नाही. बिब्लिओमेट्रिक्स दोन्ही जोडून दुबार नोंदी काढतं. शिवाय वेब ऑफ सायन्समध्ये ब्रिटन एक देश नसतो: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगळे. न जोडता देशांचा तक्ता केला तर ब्रिटन उगाच खाली जातो.

भरीतप्रेमी
हे मात्र पटलं.
आणि गिरणाकाठ, ओव्हरले नकाशाला (वर्षाप्रमाणे रंगवलेल्या नकाशाला) 'कल' म्हणून सरांपुढे ठेवू नकोस. तो रंग म्हणजे त्या शब्दाच्या पेपरांचं सरासरी प्रकाशनवर्ष. या विषयात एकूण पेपरच इतके वाढलेत की जुने विषयही पिवळे, म्हणजे नवे, दिसतात. मोनोपाइल (समुद्रतळात ठोकलेला एकच जाड खांब) बघ. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह १ या समुद्री पवन-प्रकल्पात, २००२ मध्ये, ८० टर्बाइन मोनोपाइलवरच उभ्या राहिल्या. तो विषय नवा कसा? दर वर्षाचे त्या शब्दाचे पेपर भागिले त्या वर्षाचे एकूण पेपर, असा वाटा काढ. वाटा चढला तरच कल. 'फ्लोटिंग'चा वाटा २०१७ च्या आधी आणि नंतर वेगळा काढून बघ, त्या वर्षी हायविंड स्कॉटलंडच्या पाच तरंगत्या टर्बाइन, ३० मेगावॉट, सुरू झाल्या. चालू वर्ष आलेखातून वगळ, अर्धवट वर्षामुळे शेवटी रेघ खाली येते आणि सर विचारतात संशोधन थांबलं का.

गिरणाकाठ
नवी फाइल, थिसॉरस, 'ऑल कीवर्ड्स'. तेलविहीर गेली, पत्तेही गेले. पण 'फास्ट' नावाचा गोळा आलाय. हा पण काढू?

तापीतीर
काढू नको! ते टर्बाइनच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर आहे, पुढे ओपनफास्ट झालं. दोन्ही जोड.

साक्रीकर
तरी समुद्र नाहीच.