ब्रिसलनोज नर मडक्याबाहेर येत नाही, मादी एकदम बारीक झाली : मदत हवी आहे

अंबाझरीकर

नमस्कार मंडळी. ब्रिसलनोज प्लेको (टाकीतलं शेवाळ खरवडणारा मिशाळ मासा) पाळणाऱ्यांचा सल्ला हवा आहे, जरा तातडीने.

टाकी 3 फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी साधारण 150 लिटर. त्यात 8 रोझी बार्ब, 6 कोरी (तळाशी राहणारे छोटे मासे), पर्ल गुरामीची जोडी आणि ब्रिसलनोजची जोडी. नर आता 11-12 सेंटिमीटर भरेल, मादी थोडी लहान. नराच्या तोंडावर फाटे फुटलेल्या मिशा पार कपाळापर्यंत आल्या आहेत, मादीला फक्त ओठाच्या कडेला बारीकशा. त्यामुळे नर कोण, मादी कोण याबद्दल शंका नाही.

टाकीत ड्रिफ्टवूडचे (पाण्यात ठेवायच्या लाकडाचे) दोन तुकडे आणि एक आडवं ठेवलेलं मातीचं मडकं आहे. नर त्या मडक्यात शिरलाय आणि काही दिवस बाहेरच आलेला नाही. एरवी रात्री दिवा बंद करून दुधीची चकती टाकली की सगळ्यात आधी तोच येऊन बसायचा. आता चकती मडक्याच्या तोंडाशी नेऊन ठेवली तरी खात नाही. त्याची शेपूट आणि पंख मात्र सारखे हलताना दिसतात. मादीचं उलट. ती फिरते, खाते, पण तिचं पोट एकाएकी उतरलंय. त्याआधी वरून पाहिलं तर चांगली रुंद दिसायची.

त्यात आमच्याकडे नागपूरचा मे महिना. दुपारी टाकीचं पाणी 32-33 अंशांवर जातं. कोरी वर येऊन हवा घेतात हे माहीत आहे, पण हल्ली फार वेळा घेतात. टेस्ट किटवर अमोनिया 0, नायट्राइट 0, नायट्रेट 20 च्या आसपास, पीएच 7.6. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते, नळाच्या पाण्यात अँटिक्लोरिन घालून.

दुकानदाराने जंतांचं आणि बुरशीचं अशी दोन औषधं एकत्र टाकायला सांगितली आहेत. बाटल्या आणून ठेवल्यात, अजून उघडल्या नाहीत. टाकू का? या दोघांना मी अगदी बोटाच्या पेराएवढे असल्यापासून वाढवलंय, जीव टांगणीला लागलाय.

शेवाळवेडा

ताई, बाटल्या बंदच राहू द्या. आधी रात्री खोलीतला दिवा मालवा आणि बारीक टॉर्चने बाजूने मडक्यात बघा. नराच्या पोटाखाली नारिंगी साबुदाण्यासारखा घोस दिसतो का? तुम्ही सांगताय ती लक्षणं अंड्यांवर बसलेल्या नराची आहेत. या जातीत अंडी सांभाळायचं काम पूर्णपणे बापाकडे असतं. मादी अंडी घालून निघून जाते, नर तोंड अडवून बसतो आणि पंखांनी अंड्यांवर ताजं पाणी खेळवत राहतो. त्या काळात तो जवळजवळ खातच नाही. मादीचं पोट उतरलं तेही त्यामुळेच असणार.

तरी मादीकडे एकदा नीट बघा. ती काचेला चिकटली की पोट समोर येतं. पोट सपाट असेल तर काळजी नाही. आत खळगा पडलेला असेल आणि डोळेही खोल गेल्यासारखे वाटत असतील, तर ती खरोखर उपाशी किंवा आजारी आहे. ती खाते म्हणताय, म्हणून मला पहिली शक्यता जास्त वाटते.

अंबाझरीकर

दादा, तुमचं लिहिणं वाचलं आणि दिवा मालवून बसले. आहेत! नारिंगी घोस आहे, मडक्याच्या आतल्या भिंतीला. नर हलला तेव्हा नीट दिसला, पन्नासेक तरी असतील. मादीचं पोट सपाट आहे, खळगा नाही. केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू.

आता नवे प्रश्न. अंडी तिथेच ठेवू की वेगळी काढू? रोझी बार्ब पिल्लं सोडतील असं वाटत नाही. आणि या गरमीत ती टिकतील का?

पाणवठा

मी अंडी काढून घेतो. टाकीतच आतल्या बाजूला जाळीची पेटी टांगायची, मडकं तिच्यावर हलकेच रिकामं करायचं आणि एअर स्टोनचे (पंपाची हवा सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाचे) बुडबुडे अंड्यांच्या शेजारून जातील असं ठेवायचं. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने रोज उचलायची, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. पहिल्यांदा बाप झालेला नर बिचकून अंडी बाहेर ढकलतो, कधी खातोही. बार्ब असलेल्या टाकीत मी तो धोका घेत नाही.

शेवाळवेडा

पाणवठा, तुमच्या पद्धतीने पिल्लं जास्त हाती लागतात हे मान्य. पण हा नर इतके दिवस न खाता चिकाटीने बसलाय, त्याला उठवायचं कशाला? एअर स्टोनपेक्षा बाप ते काम चांगलं करतो, मेलेली अंडीही तोच निवडून काढतो. माझं मत असं की अंडी फुटेपर्यंत त्याच्याकडेच राहू द्यावीत. ताई, 26-27 अंशांत 5-6 दिवसांत अंडी फुटतात, पाणी गरम असेल तर आणखी लवकर. फुटल्यावर पिल्लं पोटाशी पिवळी पिशवी घेऊन भिंतीला चिकटून असतात. ती पिशवी संपेपर्यंत त्यांना खायला लागत नाही. संपत आली की पाणवठा म्हणतात तशा पेटीत हलवा. बार्बचा प्रश्नही तिथे सुटतो.

एक आवडती गोष्ट सांगतो. नराला एवढ्या मिशा कशाला, यावर मत्स्यशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये एक अंदाज मांडला होता. त्या मिशा लांबून पिल्लांसारख्या दिसतात आणि मादीला वाटतं की हा आधीच पिल्लं सांभाळतोय, म्हणजे भरवशाचा बाप आहे. तुमच्या मडक्याच्या तोंडाशी ते डोकं बघताना हे आठवा.

खाडीकाठची

अंड्यांच्या आनंदात पाण्याचं तापमान मागे पडायला नको. मला 33 अंशांची जास्त काळजी वाटते. ब्रिसलनोज दक्षिण अमेरिकेतल्या वाहत्या पाण्यातला, 23 ते 27 अंशांत खूश. रोझी बार्ब तर आपल्याच उत्तरेकडच्या ओढ्यांतला, त्याला आणखी थंड लागतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. ब्रिसलनोज अडचणीत सापडला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ऑक्सिजन घेतो. पण तुमचा नर अंडी सोडून वर येणार नाही. त्याचं सगळं त्या मडक्यातल्या पाण्यावर अवलंबून आहे.

म्हणून आज रात्रीच ही कामं करा. एअर पंप चोवीस तास चालू. फिल्टरचं पाणी उंचावरून पडू द्या. काचेचं झाकण काढून जाळी बसवा आणि छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. मी डोंबिवलीत राहते, इथल्या दमट हवेत पंख्याने जेमतेम एक अंश उतरतो. तुमच्याकडची हवा कोरडी, बाष्पीभवन जोरात होतं, सहज 2-3 अंश उतरतील. मात्र खोलीत कूलर चालू असेल तर खिडकी उघडी ठेवा, हवा ओलसर झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो. पाणी रोज थोडं आटेल तेवढं भरत जा. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, तापमान झपकन खाली-वर होतं आणि ते मोठ्या माशांनाही सोसत नाही, अंड्यांचं तर विचारूच नका. लाइट संध्याकाळी थोडाच वेळ लावा.

औषधाबद्दल शेवाळवेडा बरोबर सांगतात. या गटाचे मासे तांब्याच्या औषधांना फार नाजूक असतात. रोगाची खूण नसताना दोन औषधं एकत्र घालणं म्हणजे निरोगी माशांना त्रास देणं.

अंबाझरीकर

फॅन लावला. दुपारी 33 होतं, आता रात्री 29.5 आहे, कोरी पुन्हा खाली वाळूत उकरतायत. पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधला. बाटल्या उद्या परत करते, दुकानदाराने घेतल्या नाहीत तरी वापरणार नाही. अंडी नराकडेच ठेवायचं ठरवलं आहे आणि पाणवठा यांची जाळीची पेटी तयार ठेवते. पिल्लांना पहिलं खाणं काय?

पाणवठा

उकडलेल्या दुधीची किंवा दोडक्याची पातळ चकती, आणि माशांच्या बुडणाऱ्या वेफरची (खाद्याच्या चकतीची) पूड चिमूटभर. चकती दहा-बारा तासांत काढायचीच, या उन्हाळ्यात ती लगेच आंबते आणि अमोनिया वाढतो. ड्रिफ्टवूडचा एक छोटा तुकडा पेटीत ठेवा. त्यावरचा बुळबुळीत थर ती दिवसभर खरवडत बसतात. लाकूड हेच त्यांचं अन्न असा समज आहे, त्यावर विसंबू नका. लाकूडखाऊ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पानाके या त्यांच्या नातेवाईक माशालासुद्धा लाकूड नीट पचत नाही, हे 2009 च्या एका अभ्यासात दिसलंय. पाणी रोज थोडं बदला. पिल्लं दगावतात ती बहुतेक भूक आणि घाण पाणी या दोनच कारणांनी.

खाडीकाठची

आणि ताई, पिल्लांना घरं आत्तापासून शोधायला लागा. पन्नास पिल्लं 150 लिटरमध्ये मावणार नाहीत, आणि नर मोठे झाले की मडक्यावरून एकमेकांना ओरबाडतात. दुकानात "सकर" म्हणून जो मिळतो तो याचा मोठा नातेवाईक, दीड फुटापर्यंत जाणारा. लोकांनी सोडून दिलेले ते मासे पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आणि केरळच्या कालव्यांत आज ठाण मांडून बसलेत. तुमचं नाव बघून सांगते, कितीही पिल्लं उरली तरी अंबाझरी तलावात एकही सोडू नका. इथेच धागा काढा, विदर्भातले पाळणारे नेतील.

अंबाझरीकर

तलावात सोडायचा विचारही करणार नाही. पिल्लं 3 सेंटिमीटरची झाली की इथे कळवीन, नागपूर-वर्धा-अमरावतीच्या कुणाला हवी असतील तर आत्ताच सांगून ठेवा. सोबत मडकंही देईन.