गेइनो यामाशिरोगुमी : साधना की उसनवारी?

मूळ लेखन

'अकीरा' हा १९८८ सालचा जपानी ॲनिमेशनपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मोटारसायकलींच्या थरारामागे घुमणारा बांबूचा ठोका आणि 'रस्सेरा, रस्सेरा' हा गजर आठवत असेल. बांबूचे ते वाद्य म्हणजे पश्चिम बालीतील जेगोग, आणि गजर आहे उत्तर जपानच्या आओमोरी येथील नेबुता उत्सवातला. हे संगीत करणारा गेइनो यामाशिरोगुमी हा समूह त्सुतोमू ओहाशी यांनी १९७४ मध्ये स्थापन केला. संगीतकार म्हणून ते यामाशिरो शोजी हे नाव लावत, एरवी ते वैज्ञानिक होते. समूहातील शेकडो माणसे विद्यार्थी, डॉक्टर, अभियंते, पत्रकार अशी, म्हणजे पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा असलेली. बल्गेरिया आणि जॉर्जियातील बहुस्वरी लोकगायनापासून बालीच्या केचकपर्यंत (पुरुषांच्या 'चक चक' अशा समूहगजरावरचे नृत्यनाट्य) अनेक परंपरा त्यांनी स्वतःच्या गळ्यातून आणि हातांतून शिकून घेतल्या. माझ्या मते परकी परंपरा हाताळण्याचा हाच प्रामाणिक मार्ग आहे; तयार ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून आपल्या गाण्यात चिकटवणे आणि एखादी लय अंगात मुरेपर्यंत घोकणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रतिसाद १

मेहनतीबद्दल आदर आहे, परंतु मेहनतीने मालकीचा प्रश्न सुटत नाही. जेगोग हे जेंब्राना भागातील गावांचे वाद्य आहे. तेथे दोन वाद्यवृंद समोरासमोर बसून एकाच वेळी वाजवतात आणि एकमेकांची लय मोडायला पाहतात. हा सगळा गावगाडा बाजूला सारून त्यातला नाद तेवढा 'अकीरा'तल्या भविष्यातील टोकियोला चिकटवला, की जगभरच्या श्रोत्याच्या कानांत तो 'अकीराचा आवाज' म्हणूनच राहतो. ज्या जपानने १९४२ ते १९४५ या काळात बालीसह इंडोनेशियाच्या बेटांवर लष्करी ताबा ठेवला होता, त्याच जपानच्या राजधानीतील समूहाला हे सर्व शिकण्याची सवड आणि पैसा मिळतो, हेही विसरता येत नाही. शिवाय एकेका परंपरेला आयुष्य पुरत नाही, तिथे डझनावारी शैली हाताळणाऱ्यांची साधना मला संग्रहालयातील काचेच्या कपाटांसारखी वाटते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात 'गावाची अस्सल परंपरा' असे काही गोठलेले चित्र गृहीत धरलेले दिसते. केचकचेच पाहा. सांग्यांग या संचारविधीतील पुरुषांचा समूहगजर तेवढा घेऊन, त्याला रामायणाची कथा जोडून आजचे केचक १९३० च्या दशकात घडले, आणि त्या घडणीत वायान लिंबाक या बालीच्या नर्तकाबरोबर वॉल्टर स्पीस हा जर्मन चित्रकारही होता. प्रेक्षकांत पर्यटक होतेच. मग मिसळ नेमकी कोणत्या वर्षापासून निषिद्ध मानायची?

दुसरे म्हणजे, या समूहाने परंपरेला यंत्रासमोर वाकवले नाही. बालीच्या गमेलानमध्ये, म्हणजे मुख्यतः धातूच्या वाद्यांच्या वृंदात, वाद्यांच्या जोड्या असतात आणि जोडीतील एका वाद्याचा स्वर दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित चढा ठेवलेला असतो. दोन्ही एकदम वाजले की नाद लाटेसारखा थरथरतो, आणि त्या थरथरीला ओंबाक, म्हणजे लाटच, म्हणतात. त्या काळच्या सिंथेसायझरला हे स्वर ठाऊक नव्हते, तेव्हा यांनी प्रोग्रामिंग शिकून यंत्राचे स्वर गमेलानप्रमाणे लावून घेतले. पेटीच्या ठरलेल्या पट्ट्यांत श्रुती बसत नाहीत म्हणून १९४० पासून काही दशके आकाशवाणीने पेटीलाच दाराबाहेर ठेवले होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या खटाटोपाचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद १ कडून उत्तर

स्पीसचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. केचकची गोष्ट निघाली की स्पीसचे नाव हमखास येते, पण तो गजर मुळात ज्यांच्या गळ्यात होता त्या गावकऱ्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? मिसळ करण्याला माझा विरोध नाही. श्रेय नेहमी एकाच दिशेला वाहते, त्याला आहे. स्वर अचूक लावल्याचा मुद्दा मात्र मला मान्य आहे.

प्रतिसाद ३

ओहाशी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कानाला ऐकू न येणाऱ्या अतिउच्च कंपनांचाही मेंदूवर परिणाम होतो, असा त्याचा दावा होता आणि प्रयोगासाठी गमेलानच वापरले होते. तो दावा अद्याप वादग्रस्त आहे, त्यामुळे संगीताची थोरवी त्याच्या आधारे कोणी सांगू नये, इतकेच.

मूळ लेखकाकडून

काचेच्या कपाटाची उपमा मला पटत नाही. केचकमध्ये पूर्ण लय एकाही माणसाकडे नसते. एकाचा 'चक' जिथे थांबतो त्या फटीत दुसऱ्याचा पडतो. मी दोन मित्रांना घेऊन नुसत्या टाळ्यांवर हे करून पाहिले, तर अर्ध्या मिनिटात आम्ही तिघेही एकाच ठोक्यावर येऊन आपटलो. दिवसभर कचेरीत काम करून आलेली माणसे हे शेकड्यांनी साधतात आणि १९७० च्या दशकापासून टोकियोतील शिंजुकूच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी उन्हाळ्यात केचकचा उत्सव भरवतात. त्या उत्सवाच्या नावातच 'केचक' आहे. 'अकीरा'च्या श्रोत्याला मात्र जेगोग हे नाव कळत नाही, एवढे मी मान्य करतो.